विकलेल्या गाडीची किक

आणि वर बायको मलाच म्हणते, तुम्हाला गाडी विकायचीच नव्हती! अहो, विकायचीच होती हो मला! नसती विकायची तर जाहिरात कशाला दिली असती, फोटोसाठी टाकी सकाळभर घासत कशाला बसलो असतो, आणि अनोळखी माणसांना घरात बोलावून चहा कशाला पाजला असता? तुम्हीच सांगा!

नाही, म्हणजे बायकोचंही खरं होतं. पुढची खोली तिला हवी होती. शिवणाचा क्लास काढायचा होता, मुली ठरल्या, मशिनं ठरली, एक तारीख ठरली, आणि खोलीत मधोमध काय? माझी जुनी मोटरसायकल! भंगारवाल्याकडून पोत्यांत भरून आणली होती, तुम्हाला सांगतो... इंजिन एका पोत्यात, चाकं दुसऱ्यात, आणि टाकीत चिमणीचं घरटं! चार वर्षं खपलो. कुठंच मिळत नाहीत ते नट लेथवाल्याच्या डोक्यावर बसून करून घेतले. खोलीतला सोफा गेला, टीपॉय गेला, पाहुणे यायचे बंद झाले, पण गाडी उभी राहिली. काळी कुळकुळीत! टाकीवर सोनेरी रेघ, तीही हातानं मारलेली, श्वास रोखून. बायको चार वर्षं एक शब्द बोलली नाही. मग एकदा खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आता मी." बस्स, एवढंच. दिली जाहिरात.

पहिला आला तो दातांचा डॉक्टर. वाकून इंजिनाकडे असा बघायला लागला, मला वाटलं आता तिला "आ करा" म्हणतो. "छान आहे. जरा चालू करून बघू?" करा की! अंगणात काढली, त्यानं किक मारली. काही नाही. दुसरी मारली, काही नाही. मारतोय, मारतोय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, घामाघूम... मी म्हटलं, सरका जरा. मारली. धड धड धड धड! एका किकला! बंद केली, परत त्याच्या ताब्यात दिली, परत काही नाही. मी मारली की चालू. शेवटी रुमालानं हात पुसत म्हणाला, "विचार करून कळवतो." कळवतो म्हणणारा कधी कळवतो का हो?

दुसरा आला जिमवाला. मांड्या ह्या एवढ्या! "काका, तुम्ही बाजूला व्हा. पायात दम लागतो." मी म्हटलं, बाबा रे, हळू मार, अर्धीच मार. ऐकतो कशाला? अशी हाणली की पाय सटकला आणि गडी थेट कुंडीत! लंगडत गेला, चहासुद्धा घेतला नाही.

बायको दारात, हाताची घडी. "तुम्ही काहीतरी करून ठेवलंय." मी? विकायचीच होती हो मला!

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं झाकण काढलं, बघितलं, आणि मला विचारतो, "काका, गुडघा कुठला दुखतो तुमचा?" म्हटलं, उजवा. पण तू गाडी तपासायला आलायस की मला? "तेच ते," म्हणाला. "दुखऱ्या गुडघ्यानं तुम्ही अर्धीच किक मारता, हळू. आणि चार वर्षं त्या अर्ध्या किकला चालू व्हावी म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे करत सगळं जुळवत आणलंय. दुसऱ्या कुणी पुरी किक मारली की हिचा श्वास कोंडतो."

बायको हसायलाच लागली. "म्हणजे स्वतःच्या मापानं शिवलीय! दुसऱ्याच्या अंगाला बसेलच कशी?"

मिस्त्री म्हणाला, "दोन स्क्रू फिरवले की काम झालं. मग कुणीही चालू करेल. फिरवू?"

आता मी काय म्हणावं? फिरव म्हणायचं, एवढंच तर होतं. मी म्हटलं... "आधी चहा घे."

चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, गेला. स्क्रू होते तिथेच! बायको माझ्याकडे बघतेय, मी कपबशा उचलतोय. विसरलो हो, विसरतो माणूस!

मग तिनंच गिऱ्हाईक आणलं. शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर, भिंतीला भिंत लागून घर. म्हणाले, "वहिनी, चालू होत नाही असं ऐकलं." ही म्हणते, "होते ना! नाही झाली तर हे आहेत. आम्ही शिवलेल्या कपड्याचं फिटिंग आम्हीच करून देतो." झाला सौदा! मीच ढकलत नेली, माझ्या फाटकातून त्यांच्या फाटकात. खरं सांगतो, रडू आलं मला. फडक्यानं टाकी पुसली, त्याच फडक्यानं डोळे पुसले, तोंड काळं करून घरी आलो.

क्लास सुरू झाला. छान चाललाय, खोली भरलेली असते. आणि रोज सकाळी भिंतीपलीकडून... खट्. खट्. खट्. मी पांघरुणात पडून म्हणतोय, अहो, हळू... अर्धी... कुठलं काय! मग "भाऊ!" अशी हाक आली की उठतो, अनवाणी जातो, मारतो. एका किकला! ते ऐटीत भाजी आणायला जातात, मी धुरात उभा.

काल म्हणाले, "भाऊ, रोज तुम्हाला त्रास. दोन स्क्रूंचं काम असतं म्हणे. बोलावू का मिस्त्रीला?"

मी म्हटलं, "बोलावू हो, घाई काय आहे? आधी आमच्याकडे चहा घ्या."

आणि खिडकीतून ही ओरडते, "तरी मी सांगत होते, ह्यांना विकायचीच नव्हती!"

अहो, विकायचीच होती हो मला. आणि विकली की! गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, कागद त्यांच्या नावावर... किक तेवढी माझ्याकडे राहिली.