ज्योतीताईच्या नावापुढचं बरोबर-चूक

काकू, तात्या, कळसची सगळी मंडळी. मी सचिन, वडगाव निंबाळकरचा. बारामतीला ऑफिसात ज्योतीताईच्या शेजारी बसायचो. मला बोलता येत नाही हो. रडूही येत नाही. पार बधिर झालोय. तुटक बोललो तर सांभाळून घ्या.

काकू, तात्या, तापाचं निमित्त झालं आणि तुमची लेक, आमची ताई गेली. पण ती नक्की काय काम करायची, हे इथं पुष्कळांना माहीत नसेल. ती कॉम्प्युटरला वाचून शिकायला शिकवायची. तो इंटरनेटवरचं मराठी वाचतो. बातम्या, जाहिराती, गावागावांच्या पोस्टी. वाचून जे कळलं ते रोज सकाळी आमच्यापुढं मांडतो. कळस हे गाव, तालुका इंदापूर, असं. आम्ही फक्त सांगायचं, बरोबर का चूक. चुकीला बरोबर म्हटलं, की पुढचं सगळं तो त्या चुकीवरच शिकणार.

एकदा त्यानं आमच्या गावातल्या एका आबांच्या श्रद्धांजलीची पोस्ट वाचली. आपल्याकडं खाली 'शोकाकुल' म्हणून भाऊ, पुतणे, जावई, सगळ्यांची नावं टाकतात. पठ्ठ्यानं सगळेच मयत धरले! ताई हसून हसून बेजार. म्हणाली, "अरं सचिन, अख्खी भावकी संपवली की ह्यानं!" मग एकेका नावापुढं 'चूक' लावत बसली. जेवायलाही उठली नाही. अशा किती पोस्टी तिनं त्याच्याकडून वाचून घेतल्या, काय सांगू?

परवा तुम्ही सगळ्यांनी तिच्या फोटोच्या पोस्टी टाकल्या. खाली शोकाकुल म्हणून काकूंचं नाव, ताईच्या दादाचं नाव, माझंही. आज सकाळी कॉम्प्युटरनं त्या वाचल्या. आमच्यातल्या एकालाही त्यानं मयत धरलं नाही. एकच ओळ आणली. ज्योती, गाव कळस, मयत. बरोबर का चूक?

मंडळी, चूक लावावं वाटलं. खरंच वाटलं. कोण विचारणार होतं मला?

मघाशी काकूंना हे सांगितलं. काकू म्हणाल्या, "चूक म्हणलास तर काय हुईल रं?" मी म्हटलं, तो खोटं शिकेल, काकू. ताई जिवंत आहे असंच धरून चालेल. मला वाटलं, काकू म्हणतील, ऱ्हाऊ दे तसंच. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मग खरं सांग बाबा त्याला. तिनं इतकं शिकवलंय, आपल्यापायी नको बिघडाया."

ती ओळ अजून तशीच आहे. ऑफिसचं ते पान माझ्या हातातल्या ह्या मोबाइलवरही उघडतं. सगळ्यांनी जरा उभं राहा. कुणी काही बोलू नका. तेवढ्यात मी 'बरोबर' लावतो.

ताई, माझा नमस्कार घे.