बुजवलेले झरोके

राजाराम : म्हणजे ही माणसं मातीत नाहीतच? भिंतीत?

रेणू : हो बाबा. एकेकाला दगडी कप्पा, पुढे संगमरवरी फळी, तिच्यावर नाव.

राजाराम : बँकेतल्या लॉकरसारखं.

रेणू : क्लायंटसमोर म्हणू नका हं! हे थडगं दुरुस्त करायचं काम त्यांनीच दिलंय मला. इंग्लंडहून आलेलं घराणं. मिशिगनमध्ये गिरण्या काढल्या, पण मरणासाठी मात्र इंग्लंडच बांधून घेतलं. घुमट, खांब, सगळं तिकडच्यासारखं. पिशवी ठेवा ना खाली, केव्हाची खांद्याला आहे.

राजाराम : खाली कशी ठेवू? तुझी आई आहे तिच्यात.

रेणू : अंगणातल्या मेपलच्या झाडाला बांधली होतीत ना?

राजाराम : खारी कुरतडायला लागल्या. आणि घरात ठेवू नयेत अस्थी.

रेणू : मी ठेवणार आहे. असाच एक कोनाडा करून, खिडकीशी.

राजाराम : रेणू, तुझा व्हिसा अडकला, येता आलं नाही, म्हणून मूठभर मागे ठेवल्या. तुझ्या हातून विसर्जन व्हावं म्हणून. साठवायला नाही आणल्या.

रेणू : तुम्हाला ती डोळ्यांसमोर गेली. मला फोनवर दिसली, तीही अडकत अडकत. आता कुठे हाती आलीय, तर सोडू?

राजाराम : ...इथे ओल केवढी आहे गं. घुमट गळतो का?

रेणू : घुमट ठणठणीत आहे. बांधणाऱ्याने पायाशी आणि वर वाऱ्याला झरोके ठेवले होते. मागाहून घरच्यांनीच बुजवले. पाला येतो, पाखरं येतात, आपल्या माणसांना त्रास नको म्हणून. दमटपणा आतच कोंडला, दगडात शिरला. नावं झडायला लागलीत बघा.

राजाराम : मग तू काय करणार?

रेणू : झरोके उघडणार. दुसरा इलाजच...

(बोलता बोलता तिची नजर पिशवीवर जाते.)

राजाराम : मी काही बोललो नाही हं.

रेणू : नाही बोललात. ऐकू आलं पण.

राजाराम : तू इकडे आलीस ना, तेव्हा पोळ्या लाटताना ती म्हणायची,
‘लेक दिली किती दूर, डोंगराच्या पल्याड,
पाणी पाण्याला भेटतं, त्याला कशाचं कवाड.’

रेणू : मला कधीच नाही ऐकवलं.

राजाराम : फोनवर रडली असतीस. मग तीही.

रेणू : बाबा, ह्यूरन नदी जवळच आहे. तिला गंगा म्हटलं तर चालेल?

राजाराम : अगं, आपण बादलीतल्या पाण्याला म्हणतो!

रेणू : चला मग. आणि पिशवी द्या इकडे. आईला मी नेते.