चिखलाच्या हातांची पोथी

माजं म्हायेर वरव्याचं, सासर पासलीचं आन अक्षर भोरचं. म्हंजी काय सांगू तुमाला, लगनाआदी दोन वरसं म्या भोरात एका कारकुनाच्या घरी धुण्याभांड्याला व्हते, तितल्या काकूंनी चुलीतल्या कोळशानं फरशीवर गिरवून घेतलं, म्हनल्या सगुणे, भांडी घासनाऱ्या हातानं अक्षर काय बिघडत न्हाई. त्ये म्या पदराला गाठ मारून ठेवलं.

पासलीत माजी सासू सुईन व्हती. तिच्याकडं दर कामाची येगळी प्रार्थना, भाताचं रोप टाकायला राब भाजायच्या आदी एक, आवणीला रोपाची पयली मूठ लावताना एक, गाय अडली तर एक, बाई अडली तर एक, आन समदं आपल्याच बोलीत, देवीशी भांडल्यावानी. म्हातारपणी ती इसराय लागली, तवा म्या वही घेतली आन ती सांगंल तसं लिवून काडलं. ती गेली तवा वही भरली व्हती.

मंग आवणीला म्या बांधावर बसून वाचायची, बाया वाकून रोप लावत मागनं म्हनायच्या, मधीच कुनी येऊन वही कपाळाला लावायची, मंग वहीला चिखल लागायचा.

पाटलाच्या कानावर गेलं. तो रागावला न्हाई, खोटं कशाला बोलू, उलट पाया पडला. म्हनला ही तर पोथी हाय, हिला चिखलात ठेवायची व्हय? त्यानं वही तांबड्या फडक्यात बांधून देवळातल्या कोनाड्यात ठेवली आन ठरवलं, अंगुळ करून सोवळ्यानं, आन पुरुषानंच कोनाड्यातनं खाली काडायची. बाया खूश, आपली वही देवळात बसली म्हनून. म्याबी खूश, नारळ फोडला की. तितंच चुकले.

फुडल्या आवणीत माजी जाऊ ठकी भरल्या दिसाची, खाचरातच कळा सुरू झाल्या, बांधावरच्या खोपीत निजवली, तर दुपारपातूर मूल अडलेलं. नवी सुईन खटपट करत व्हती आन ठकी नुसती म्हनायची, आत्याबाईंचं म्हना, आत्याबाईंचं म्हना, म्हंजी आमच्या सासूचं. चार वळी आटवल्या, फुडचं कुनालाच येईना, वही झाल्यापासनं कुनी पाठच केलं न्हवतं. म्या तशीच उठले, गुडघ्यापातूर चिखल, देवळात गेले. पाटील दारात आडवा. म्हनला आदी अंगुळ कर, मंग म्या काडून देतो. म्या म्हनलं ती तितं मराय टेकलीया. म्हनला देवी कोपंल. म्या म्हनलं कोपू दे, माजी सासू रोज भांडायची तिच्याशी, आज म्या भांडते. आन शिरले आत. फडकं तितंच टाकलं.

खोपीच्या दारात उभी ऱ्हाऊन वाचलं, आई, आमचे हात चिखलाचे, तुजेबी चिखलाचेच, वल्या मातीतनं तूच आमाला वढून काडलंस, आता हिलाबी वाट दे. पोरगी झाली. सुईनीमुळं का वहीमुळं, मला ठावं न्हाई. पन ऐकताना ठकीची तडफड थांबली, येवढं म्या डोळ्यानं बगितलं.

पाटील म्हनला वही बाटली, परत कर, शुद्ध करून घेऊ. म्या दिली न्हाई. तीन वरसं गावजेवणात माजं पान मांडलं न्हाई. न्हाई तर न्हाई, घरी भाकरी व्हती.

आता माजी नजर गेली. ठकीची तीच पोरगी आवणीला वाचती, तिला म्याच कोळशानं अक्षर शिकीवलं. चिखलानं कुठं कुठं वळी पुसल्यात, तितं बाया तोंडपाठ म्हनत्यात, आता पाठ केल्याबिगर म्या सोडतच न्हाई कुनाला. ही बगा वही. आन तुमी हात धुवाया कुठं निघाला? बसा. तशीच घ्या हातात.