आडवे झालेले उमेदवार

रमजानात ट्राव्निक गावातल्या पावाच्या भट्टीपुढे रांग होती. माझ्या पुढेच झुम्रा आणि तिची शेजारीण हायरिया बोलत होत्या. झुम्राचा नवरा नुस्रेत मशिदीच्या मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभा होता.

"गेल्या आठवड्यात निवडणुकीच्या सभेत नुस्रेतभाऊ आडवे झाले म्हणे?"

"झाले. समोरच्या उमेदवाराने, त्या रेफिकने, सगळ्यांदेखत यांना गाढव म्हटलं."

"अगं बाई!"

"उभ्याने राग आला तर बसावं, तरीही जाईना तर आडवं व्हावं, असं पैगंबरांनी सांगितलंय ना? हे बसले. रेफिक म्हणाला, म्हातारं गाढव. हे आडवे झाले."

"मग तरी गप्प बसला का तो?"

"छे! म्हणाला, तुझ्या बायकोचा खिम्याचा बुरेक जळका."

"त्यावर?"

"आडव्याच्या पुढचं यांना काही ठाऊक नाही. गालिच्यावर गडगडत भिंतीपर्यंत गेले."

"आणि मतं?"

"सगळी यांनाच. लोक म्हणाले, राग गिळणाराच पुढारी हवा."

"मुबारक गं! मग तोंड का पाडलंयस?"

"निवडून आल्यापासून मी घरात तोंड उघडलं की हे आडवे होतात."

"मग तू काय करतेस?"

"मलाही राग येतोच ना! शेजारी आडवी होते."