एका घरासाठी दोन नकार

मी, मॅल्कम ऑस्टिन नॅट्रस, वय ४९ वर्षे, धंदा प्राथमिक शाळेत देखभालीचे काम, राहणार १७, चॅपल टेरेस, काउडन मूर, जिल्हा डरम, आज शुक्रवार दि. ११ एप्रिल रोजी सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांनी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर जन्मापासून राहतो. घर कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक नगरपालिकेचे, भाड्याचे आहे. भाडेकरू म्हणून आई ऑड्री हिचे एकटीचे नाव होते, कारण घर मिळाले तेव्हा वडील जहाजावर होते आणि सहीला हजर नव्हते. वडील वारल्यावर घरात आई, माझी बहीण हेझल आणि मी असे तिघे राहत होतो. हेझल ५४ वर्षांची असून वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या खात्यात कामाला आहे. आम्हा दोघांचीही लग्ने झालेली नाहीत. आई ६ जानेवारीला हृदयविकाराने वारली.

कौन्सिलच्या नियमाप्रमाणे आईचा भाडेहक्क घरात राहणाऱ्या एका मुलाकडे जाऊ शकतो. एकाकडेच, आणि एकदाच. तो किंवा ती गेल्यावर घर कौन्सिलकडे परत जाते आणि मागे राहिलेल्याला बाहेर पडावे लागते. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

फेब्रुवारीत आम्हाला वेगवेगळ्या लिफाफ्यांत एकसारखे फॉर्म आले. ‘मी हक्क सांगतो’ आणि ‘मी हक्क सांगत नाही’ असे दोन चौकोन होते, खाली शेरा लिहायला एक ओळ. मी रविवारी प्रार्थनेनंतर चॅपलमध्ये थोडा वेळ बसून राहिलो आणि तिथेच दुसऱ्या चौकोनात खूण केली. शेऱ्यात लिहिले की घर माझ्या बहिणीला द्यावे, आईचे सगळे तिने केले आहे. हेझलला सांगितले नाही. आमच्या घरात अशा गोष्टी तोंडावर बोलायची रीत नाही. जे सांगायचे ते आईला सांगायचे आणि आई ते दुसऱ्याला सांगत असे. आई गेल्यापासून आम्ही चहा, कचऱ्याचे डबे आणि हवा एवढ्यावरच बोलत होतो.

मार्चमध्ये घर सोडण्याची नोटीस आली. ती वाचून मला वाटले, हेझलचा अर्ज नामंजूर झाला. हेझलला वाटले, माझा झाला. आम्ही एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून त्यावर बोललो नाही. मी कौन्सिलला तीन पत्रे लिहिली. तिन्हींना एकच छापील उत्तर आले.

नोटिशीची मुदत आज संपत होती. मी शाळेतून अर्धी रजा घेऊन दुपारी २ वाजता कौन्सिलच्या घरखात्यात गेलो. ३ वाजून ४० मिनिटांनी माझा नंबर आला. काउंटरवर मिस बॅक्स्टर होत्या. त्यांनी संगणकात पाहून सांगितले की या घरावर कोणीच हक्क सांगितलेला नाही, दोन नकार आहेत. मी म्हणालो, दोन कसे? त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. हेझलनेही दुसऱ्याच चौकोनात खूण केली होती. शेरा कुठे आहे असे विचारता त्या म्हणाल्या की शेरा संगणकात चढत नाही, फक्त खूण चढते. मग त्यांनी कपाटातून कागद काढून आणला. हेझलच्या अक्षरात लिहिले होते, ‘माझ्या भावाला द्या. तो लहान आहे.’

मी हेझलला फोन केला. ती ४ वाजून २५ मिनिटांनी बसने आली, अंगावर कामाचा झगा तसाच होता. मिस बॅक्स्टर यांनी सांगितले की आज पाच वाजेपर्यंत दोघांपैकी एकाने नव्या फॉर्मवर सही केली तर त्या तो वरिष्ठांपुढे ठेवतील. कोणाचीही सही त्यांना चालणार होती. आम्हाला चालेना. मी फॉर्म हेझलकडे सरकवला, तिने माझ्याकडे सरकवला. असे चार-पाच वेळा झाले. आवाज वाढले हे खरे आहे. रांगेतले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “तुम्हा दोघांना नको असेल तर मी घेतो की.” लोक हसले.

हेझल म्हणाली, “माझ्या नावावर घेतलं आणि मी गेले, तर तुला त्याच आठवड्यात बाहेर काढतील.”

मी म्हणालो, “तू कुठे चाललीयस?”

“आईसारखंच हृदय आहे माझं. दोन वर्षं गोळ्या खातेय. आईला म्हटलं होतं तुला सांग म्हणून.”

आईने मला सांगितले नव्हते.

४ वाजून ५५ मिनिटांनी रखवालदाराने काउंटरचे शटर खाली घ्यायला सुरुवात केली. मी शटरखाली काउंटरवरच्या फॉर्मवर तळहात ठेवला, त्यामुळे शटर बंद होईना. त्याने मला हात काढायला तीनदा सांगितले, हे बरोबर आहे. हेझलनेही सांगितले. तिचे शब्द होते, “हात काढ मूर्खा, बोटं जातील.” मी हात काढला नाही. मी कोणालाही ढकलले नाही, शिवी दिली नाही. रखवालदाराने पोलिसांना बोलावले, त्यात त्याची चूक नाही. मी त्याची माफी मागतो.

पोलीस आले तेव्हा मी हात उचलला. मिस बॅक्स्टर यांनी शटरखालून फॉर्म ओढून घेतला, त्यावर आजच्या तारखेचा आवक शिक्का मारला आणि कोराच परत बाहेर सरकवला. म्हणाल्या, “सोमवारी नऊला आणा. मी असेन.” मंजूर होईलच असे त्या म्हणाल्या नाहीत.

जबाब घेणाऱ्या अंमलदारांनी विचारले की तुमचे नेमके म्हणणे काय. मला ते घर हवे आहे. हे मी आजवर आईला, बहिणीला किंवा प्रार्थनेतही म्हटलेले नाही. हवे आहे, असे लिहावे. हेझलसकट हवे आहे, असेही लिहावे. त्यासाठी फॉर्मवर चौकोन नाही, असे अंमलदार म्हणाले. ते मला माहीत आहे.

मधे माझ्या विनंतीवरून हेझलला आत बोलावण्यात आले. मी अंमलदारांचे पेन घेऊन तिच्यासमोर पहिल्या चौकोनात खूण केली आणि सही केली. तिने फॉर्म नीट वाचला, घडी घालून झग्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाली, “आटप. सातची बस आहे.”

हा जबाब अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे, काही गाळलेले नाही. खालची सही माझी असून त्याच पेनाने केली आहे.

मॅ. ऑ. नॅट्रस