खुंटीवरचे दोन नान

सानोबर : हात लावू नकोस, पडून तुकडे होतील त्याचे. आधी खाली बस. चहा गार होतोय.

अब्रोर : पण आपा, खुंटीला दोन नान कसे? मी तर एकच चावून निघालो होतो.

सानोबर : तुझ्या नानाला चौदा वर्षं झाली. आई दर शुक्रवारी फडक्यानं पुसायची. म्हणायची, निघताना चावलेला नान माणूस परत येऊन संपवतो; माझा अब्रोर येऊन उरलेला खाईल, मगच मी डोळे मिटीन. मिटले बाईनं. आज वीस दिवस झाले.

अब्रोर : टोचू नकोस गं. निरोप आला तेव्हा तिकडे बर्फाचं वादळ, विमानं बंद.

सानोबर : आणि आधीची चौदा वर्षं? रोज वादळच होतं का मॉस्कोत?

अब्रोर : मी कुठे ठरवलं होतं राहायचं! म्हटलं, एवढं एक छप्पर पुरं करू नि निघू. मग दुसरं छप्पर आलं. मग मुकादम म्हणाला, वसंतापर्यंत थांब...

सानोबर : ठरवून कोण आयुष्याची माती करतो, बाळा? घे, तुझा नान काढलाय. चहात भिजव.

अब्रोर : दगड झालाय. आणि तो दुसरा? चावा केवढासा आहे! एखाद्या पोरीचा वाटतो.

सानोबर : माझा आहे.

अब्रोर : तुझा? तू कुठे गेली होतीस?

सानोबर : बसथांब्यापर्यंत.

अब्रोर : थट्टा करतेस?

सानोबर : एकोणीस वर्षांची होते. ताश्कंदला नर्सिंगला नंबर लागला होता. तू शेंबडा होतास तेव्हा, तुला काय आठवणार! चावा घेतला, आईनं नान टांगला, मी पेटी उचलून थांब्यावर गेले. तर आभाळ भरून आलं. गच्चीवर जर्दाळू वाळत घातले होते. म्हटलं, तेवढे आत घेते नि दुपारच्या बसनं जाते.

अब्रोर : मग?

सानोबर : घेतले. पाऊस मेला आलाच नाही.

अब्रोर : आणि दुपारची बस?

सानोबर : जिने चढून-उतरून पाय भरून आले होते. म्हटलं, सोमवारी. सोमवारी आईला ताप. मग कापसाची वेचणी. असंच करत करत तू मोठा झालास नि म्हणालास, आपा, एकच हंगाम जाऊन येतो, तोवर आईकडे बघ.

अब्रोर : तेव्हा सांगायचंस ना मला!

सानोबर : काय सांगू? जर्दाळू आत घेतले, म्हणून?

अब्रोर : मग हा नान तरी खाऊन टाकायचास.

सानोबर : तो परत आल्यावर खायचा असतो. मी गेले कुठे होते? खाल्ला असता, तर जायचंच संपलं असतं.

अब्रोर : आपा, माझ्याबरोबर चल. या गुरुवारी. तिकडे ओळखीच्या दवाखान्यात आजाऱ्यांपाशी बसायला बाई हवीय. आईचं सगळं तूच केलंस, तुला कोण शिकवणार! घराकडे शेजारी बघतील.

सानोबर : खरंच म्हणतोस?

अब्रोर : तिकीट आजच काढतो.

सानोबर : मला घेतील? या वयात?

अब्रोर : घेतील गं! मी बोललोय त्यांच्याशी.

सानोबर : गुरुवारी... पण आईचा चाळीसावा दिवस व्हायचाय रे. त्या दिवशीच्या तेलातल्या पोळ्या कोण तळील? तेलाचा वास नाही सुटला, तर तिच्या जिवाला काय पोचणार?

अब्रोर : आईची बहीण आहे ना, खाला तळेल की.

सानोबर : तिच्या करपतात.

अब्रोर : आपा!

सानोबर : अरे, ओरडतोस काय? येते की. चाळीसावा झाला की लगेच निघते. तू हो पुढे.

(सानोबर तंदूरमधून ताजा नान काढून आणते.)

सानोबर : घे, चाव. दात नीट उमटू देत, टांगायचाय.

अब्रोर : चावतो. पण तूही चाव. निघायचंय ना तुला?

सानोबर : मला नवा कशाला? माझा आहे की टांगलेला.