आई-बाबा एका टेबलावर

तुम्हाला सांगते, लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला आई-बाबांना सिंगापूरला पाठवलं, तेव्हा वाटलं होतं, आई परतल्यावर समुद्राचं सांगत बसेल. पण आमच्या गावी, साखऱ्याला पोचताच तिनं भाकरी थापायला घेतल्या. बाबा आणि मी जेवायला बसलो.

"आई, तिथं काय आवडलं?"

"आमी दोघं रोज एका टेबलावर जेवलो, तेबी गरम गरम! तीस सालांत पयल्यांदा. लई सुख दिलंस, लेकरा."

बाबा म्हणाले, "काहून, घरी मी नको म्हणलो व्हतो का?"

"बसबी कवा म्हणले न्हाई!"

बाबा हसले. मी माझ्या ताटाकडे पाहिलं. दिल्लीच्या कॉलेजात समानतेवर भाषणं ठोकणारी मी, तिच्या हातची तिसरी गरम भाकरी खात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं: आता भाकरी मी थापणार, आणि कशीही झाली तरी ती आधी त्या दोघांनी शेजारी बसून खायची.